अक्कलदाढेची जखम आणि रुग्णाचेच रक्त

पुण्याच्या बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौक पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. शैक्षणिक वर्षाच्या प्रारंभी तेथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची रीघ लागते. नेमक्या याच वयात, म्हणजे साधारणतः १७ ते २५ या वर्षांत, अक्कलदाढ येते. जबड्यात पुरेशी जागा नसली म्हणजे ती हाडात वा हिरडीत अडकते, आडवी वाढते; हिरडी सुजते, तोंड उघडेनासे होते. ऐन परीक्षेच्या वेळी हे दुखणे उद्भवल्यास वर्षभराच्या अभ्यासावर पाणी पडते.

प्रत्येक अक्कलदाढ काढावीच लागते असे नाही. मात्र वारंवार सूज येत असेल किंवा शेजारची दाढ किडत असेल, तर क्ष-किरण चित्र पाहून दंतवैद्य ती काढण्याचा सल्ला देतात. त्यानंतरची जखम लवकर भरून यावी यासाठी अलीकडे रुग्णाच्याच रक्ताचा उपयोग केला जातो. 'पीआरपी' या नावाने ओळखली जाणारी ही पद्धती समजून घेणे उद्बोधक ठरेल.

जखम कशी भरते?

दाढ काढल्यावर तिच्या खोबणीत रक्त साचून त्याची गुठळी होते. ही गुठळी म्हणजे जखमेवरील नैसर्गिक आच्छादनच होय. तिच्या आधाराने नव्या पेशी वाढतात, हिरडी मिटत जाते आणि पुढील काही महिन्यांत खोबणीत हाड भरून येते. गुठळी अकाली निघून गेली तर हाड उघडे पडते आणि दोन ते चार दिवसांनी तीव्र ठणका सुरू होतो. यास 'ड्राय सॉकेट' म्हणतात. एरवी दात काढल्यावर हा विकार क्वचितच होतो. खालच्या जबड्यात अडकलेली अक्कलदाढ काढल्यावर मात्र त्याचे प्रमाण बरेच अधिक असते.

रक्तातील बिंबाणू, म्हणजेच प्लेटलेट, गुठळी तयार करण्यास मदत करतात. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात सुमारे दीड ते साडेचार लाख बिंबाणू असतात. त्यांच्यातील कणांमधून पेशींच्या व सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना देणारे घटक बाहेर पडतात. हेच बिंबाणू अधिक संख्येने जखमेत ठेवावेत, हे या पद्धतीमागील तत्त्व आहे.

प्रत्यक्ष कृती

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या हातातून थोडे रक्त घेऊन ते गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात. वेगाने फिरणाऱ्या यंत्रात नळी ठेवली असता जड तांबड्या पेशी तळाशी बसतात व पिवळसर रक्तद्रव वर राहतो. तो पुन्हा फिरवून बिंबाणूंनी समृद्ध असा भाग वेगळा करतात. त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळल्यावर त्याचा मऊ गोळा होतो. तो खोबणीत ठेवून टाके घालतात. रक्त रुग्णाचेच असल्याने दुसऱ्याच्या रक्तातून रोग येण्याचा धोका टळतो. परंतु त्यासाठी सुई व नळी निर्जंतुक असणे आणि नळीवर रुग्णाचे नाव असणे अत्यावश्यक आहे.

अमेरिकेतील रॉबर्ट मार्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली जबड्यातील हाडरोपणासाठी केलेल्या प्रयोगांमुळे या पद्धतीकडे दंतवैद्यांचे विशेष लक्ष वेधले गेले. पुढे २००१ साली फ्रान्समध्ये रक्तात कोणतेही औषध न मिसळता, एकदाच फिरवून 'पीआरएफ' मिळविण्याची सोपी पद्धती पुढे आली.

लाभ व मर्यादा

वेदना कमी होणे आणि हिरडी लवकर मिटणे हे लाभ अनेक अभ्यासांत दिसून आले आहेत. हाड अधिक वेगाने भरते काय, याबाबत मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. रक्त फिरविण्याचा वेग, वेळ व बिंबाणूंचे प्रमाण सर्वत्र सारखे नसणे हे त्याचे एक कारण होय. त्यामुळे पीआरपी हा पूरक उपाय आहे, अनिवार्य उपचार नव्हे. या उपचाराविनाही बहुतेकांची जखम भरून येते. खर्च परवडत नाही म्हणून आवश्यक शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणे योग्य नाही. बिंबाणू कमी असणाऱ्यांनी, तसेच रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी कल्पना द्यावी. औषधे परस्पर बंद करू नयेत.

खरी काळजी रुग्णाच्या हाती

कोणताही उपचार घेतला तरी गुठळी जपणे हेच मुख्य होय. पहिला दिवस जोराने चूळ भरू नये, थुंकू नये व नळीने पेय ओढू नये. तंबाखू, मिश्री व विडी जखम भरण्यास अडथळा आणतात. ती पूर्णपणे वर्ज्य करावीत. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच गुळण्या कराव्यात. ठणका वाढला, ताप आला किंवा रक्त थांबले नाही, तर तत्काळ दंतवैद्यांकडे जावे.

दंतवैद्य नोंदणीकृत आहेत याची खात्री करून घेण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे. ही नोंदणी कायद्यानुसार होते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. शिक्षकांनी वरच्या वर्गांत आणि पंचायत सदस्यांनी गावातील आरोग्य शिबिरांत एवढी माहिती पोहोचविली, तर दाढदुखी अंगावर काढणारे अनेक तरुण वेळीच योग्य उपचाराकडे वळतील.