सुप्त क्षय आणि आधीची गोळी

संधिवातावर इन्फ्लिक्सिमॅब सुरू करण्यापूर्वी डॉक्टर छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करायला सांगतात. रुग्ण बुचकळ्यात पडतो: दुखतात सांधे, मग तपासणी फुप्फुसांची कशाला?

क्षयाचे जंतू शरीरात शिरले तरी बहुतेकांना रोग होत नाही. पांढऱ्या पेशी जंतूंभोवती कडे करून त्यांना डांबून ठेवतात. हे कडे टिकवण्यास टीएनएफ नावाचे प्रथिन लागते. सांध्यांची सूज वाढवणारेही तेच. इन्फ्लिक्सिमॅब ते निष्प्रभ करते. सूज उतरते, पण कडेही ढासळते. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अहवालात अशा ७० क्षयरुग्णांची नोंद होती. त्यांतल्या ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी मात्रांनंतरच क्षय झाला होता.

म्हणून सुप्त संसर्ग आढळल्यास आयसोनियाझिडसारखे प्रतिबंधक औषध आधी सुरू करतात आणि साधारण महिन्याभराने इन्फ्लिक्सिमॅब देतात. मात्र सक्रिय क्षय नाही याची खात्री त्यापूर्वीच करावी लागते. तो असेल, तर एकट्या आयसोनियाझिडला जंतू निर्ढावतात. यकृतावरही लक्ष ठेवावे लागते.

या गोळीने बरे वाटत नाही, कारण ती घेताना क्षयाचा त्रास नसतोच. म्हणूनच ती मध्येच सोडण्याचा मोह होतो. तो टाळावा.