जुन्या जीपचे इंजिन : आधी वही, मग पाना

दाजी गेले आणि अक्काच्या अंगणात त्यांची जीप उभी राहिली. महिंद्राची एमएम 540, डिझेलची. भाचा आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक झालेला. त्याने मोबाइलवर अमेरिकेतील जुन्या दणकट मोटारी पाहिल्या आणि म्हणाला, "मामा, हिच्यात ट्रकचं मोठं इंजिन टाकू की. तुळजापूरच्या घाटात कुणाला ऐकायची न्हाई!" खर्चासाठी अक्का बचत गटाचे कर्ज काढणार होती. म्हणून मी म्हटले, "बाळा, अगोदर वही आण."

मी पडलो कारकून. इंजिनापेक्षा हिशेब मला बरा कळतो. पण इंजिनातही हिशेबच असतो. सिलिंडरचा व्यास गुणिले व्यास, गुणिले 0.7854, गुणिले पिस्टनची धाव, गुणिले सिलिंडरची संख्या. एवढे केले की इंजिनाचे आकारमान निघते. आमच्या जीपचे प्यूजो बनावटीचे इंजिन चार सिलिंडरचे, व्यास 90 मिलिमीटर, धाव 83. उत्तर आले 2112 सीसी. भाच्याने पाहिलेली 1970 सालची शेव्हरोले शेव्हेल आठ सिलिंडरची, 454 घनइंचांची, म्हणजे सुमारे 7440 सीसी. पण तिचा गिअरबॉक्स, मागचा एक्सल, रेडिएटर हे सारे त्या ताकदीच्या बेताने बसवलेले असते. आमच्या जीपमध्ये ट्रकचे इंजिन टाकले तर पुढचा भार वाढेल, क्लच आणि एक्सल दम तोडतील, ब्रेकही अपुरे पडतील. एक इंजिन बदलायला जाऊन अर्धी गाडी बदलावी लागेल.

दुसरी गोष्ट कायद्याची. नोंदणी पुस्तकात इंजिन क्रमांक आणि चासिस क्रमांक लिहिलेले असतात. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतील फेरबदलांना मर्यादा घालते. मनाने इंजिन बदलले आणि अपघात झाला, तर विम्याचे पैसे अडकू शकतात. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, तेव्हाही गाडी तपासली जाते. भाचा जरा हिरमुसला, पण पटले त्याला. मूळ इंजिनच नीट बांधायचे ठरले.

आता माझीच चूक सांगतो. बाजारात पिस्टनचा संच स्वस्तात मिळाला म्हणून मी घाईने घेतला, स्टँडर्ड मापाचा. इंजिन खोलून डायल गेजने मोजले तर सिलिंडर झिजून वरच्या बाजूस रुंद झालेले. बोअर करणे भाग, म्हणजे पिस्टन ओव्हरसाइज हवे. दुकानदाराने माल परत घेतला नाही. अक्का एवढेच म्हणाली, "भाऊ, पैसे मोजायला तूच शिकवलंस की आम्हाला." मान खाली गेली माझी.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन आणि ऑइलचे प्रेशर तपासा, ब्रीदरमधून धूर किती येतो तो पाहा. खोलल्यावर सिलिंडर, क्रँकचे जर्नल, हेडची पातळी मोजून वहीत लिहा. त्यानंतरच पिस्टन घ्या, आणि पिस्टन हातात आल्यावर त्याच्या मापाने बोअर करून घ्या. क्रँक घासला तर बेअरिंगही त्याच मापाची हवी. व्हॉल्व्ह, ऑइल पंप, डिझेल पंप यांचे काम टाळू नका. हेडचे बोल्ट अंदाजाने आवळू नका, टॉर्क पाना वापरा.

अर्धा मिलिमीटर बोअर केल्यावर आमचे इंजिन झाले 2136 सीसी. वाढ जेमतेम एक टक्का! बोअर केले की ताकद वाढते हा समज खोटा. ताकद येते ती गळती थांबल्याने. डिझेल पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. दाब गळाला की गाडी सकाळी सुरू होत नाही आणि घाटात दम टाकते.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातला उन्हाळा पाहता रेडिएटर साफ करून घ्या, होजपाइप नवे टाका. अंदाजपत्रकात शंभरातले वीस रुपये अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा. इंजिन खोलल्यावर काही ना काही निघतेच.

आमची जीप सुरू झाली. पहिले काही शे किलोमीटर भार न घालता चालवली, ऑइल लवकर बदलले. मग एका सकाळी अक्काला पुढे बसवून भाचा घाट चढला. वर पोचल्यावर त्याने बॉनेट उघडले आणि म्हणाला, "मामा, ऑइलचा एक थेंबबी न्हाई."

अक्काने वही मागून घेतली. शेवटच्या पानावर आता ती बचत गटाचे हप्ते लिहिते. स्टँडर्ड पिस्टनचा संच मात्र माझ्या कपाटात आहे. घाई सुटली की तो काढून पाहतो.