साप शेतात, मोबाइल हातात

पावसाळा लागला, की वर्धा जिल्ह्यात सोयाबीन-कपाशीच्या निंदणाची कामे सुरू होतात आणि सर्पदंशाचे रुग्णही वाढतात. पूर्वी घरची माणसे मारलेला साप पिशवीत घालून दवाखान्यात आणायची. आता मोबाइलमध्ये त्याचा फोटो असतो. हा फोटो अनेकदा डॉक्टरांच्या आधी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पोहोचतो आणि ‘बिनविषारी आहे, काळजी नको’ असा निरोपही मिनिटभरात येतो. सामान्य माणसाने काढलेला फोटो आणि दुसऱ्या सामान्य माणसाने त्यावर दिलेला सल्ला उद्याच्या आरोग्यसेवेत कुठे कामाचा आणि कुठे घातक, हे समजून घ्यायला सर्पदंशासारखे उदाहरण नाही.

मण्यार आणि कवड्या हे दोन साप पाहा. दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे असतात. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे मानेपासून थोड्या अंतरावर सुरू होतात आणि शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात. कवड्या बिनविषारी, तर मण्यार अतिशय विषारी. बॅटरीच्या उजेडात घाईने काढलेल्या अर्धवट फोटोत हा फरक जाणकारालाही दिसेलच असे नाही. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखणे फारसे नसते, सूजही जवळपास नसते. ग्रुपवरच्या निरोपावर विसंबून माणूस पुन्हा झोपतो आणि काही तासांनी पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, श्वास अपुरा पडू लागतो. एवढी वेळ गेल्यावर नुसत्या प्रतिविषाने भागत नाही, कृत्रिम श्वासही द्यावा लागतो.

डॉक्टरांना मात्र उपचार सुरू करायला सापाचे नाव लागतेच असे नाही. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. ते द्यायचे की नाही, हे लक्षणांवरून ठरते. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते तपासायला कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त २० मिनिटे न हलवता ठेवतात. या साध्या चाचणीतून जे कळते, ते कोणत्याही फोटोतून कळत नाही.

मग मोबाइलचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे, पण तो फोटोपेक्षा नोंदीचा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बरेच मृत्यू दवाखान्याबाहेर होतात आणि सरकारी आकड्यांत येतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी आधी कुठे, कधी आणि कोणता साप चावतो, हे कळायला हवे.

इथे सामान्य माणसाचा मोबाइल कामी येईल. केरळच्या वनखात्याचे ‘सर्पा’ हे ॲप लोकांना प्रशिक्षित सर्पमित्रांशी जोडते. आपल्याकडेही पकडलेल्या प्रत्येक सापाचा फोटो, ठिकाण आणि वेळ नोंदली गेली आणि ती जाणकारांनी तपासली, तर समुद्रपूर किंवा आर्वी तालुक्यातल्या कोणत्या गावांत पावसाळ्यापूर्वी प्रतिविषाचा साठा वाढवायचा, हे ठरवता येईल. हेच फोटो संगणकाला साप ओळखायला शिकवतील. संगणक उद्या अधिक अचूक होईल. पण ‘बिनविषारी’ हे त्याचे उत्तरही दवाखाना टाळण्याचे कारण ठरू नये.

दुसरी बाजूही आहे. नाग हातात खेळवण्याचे व्हिडिओ जास्त पाहिले जातात, म्हणून ते जास्त बनतात. तरुण मुले ते पाहून साप पकडायला जातात. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार असे खेळ गुन्हा ठरू शकतात. अंगाला सूज आलेल्या रुग्णाचे फोटो परवानगीशिवाय पुढे पाठवणेही तितकेच गैर.

तेव्हा साप चावल्यास मोबाइल आधी १०८ ला फोन करण्यासाठी वापरा. चावल्याची वेळ लिहून ठेवा. अंगठी, बांगड्या, कडे काढा. दोरी आवळू नका, जखम कापू नका, चोखू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता रुग्णाला जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. साप बिनविषारी वाटला तरी रुग्णाला २४ तास देखरेखीखाली राहू द्या. फोटोसाठी सापामागे धावू नका. दुसरा दंश तिथेच होतो. सुरक्षित अंतरावरून सहज मिळाला असेल, तर तो डॉक्टरांना दाखवा. ग्रुपवर टाकायला नंतर पुष्कळ वेळ आहे.