एड्सची लस अजून का आली नाही? सहा महिन्यांचं इंजेक्शन म्हणजे लस नव्हे

कोरोनाची लस वर्षभरात आली, जनावरांना लम्पीची टोचून झाली, मग एड्सचीच लस का येईना? पारावर हा प्रश्न निघतोच. त्यात आता सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनाची बातमी मोबाईलवर आली, की 'आली लस' म्हणून माणसं मोकळी होतात. म्हणून हे नीट समजून घेऊ.

एचआयव्ही विषाणू १९८३ साली सापडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं होतं, दोनेक वर्षांत लस चाचणीला तयार होईल. चाळीस वर्षं उलटली, लस नाही.

अडचण काय? लस शरीराला शत्रूची ओळख आधीच करून देते. पण हा विषाणू सारखा रूप बदलतो. दुसरं म्हणजे, आजाराशी लढणाऱ्या पेशींतच तो शिरतो आणि दडून बसतो. हरळीसारखं समजा. वरून कितीही खुरपा, मुळी जमिनीत राहतेच. तिसरं, गोवर झालेला माणूस बहुतेक वेळा आपोआप बरा होतो, एचआयव्हीत तसं होत नाही. त्यामुळे शरीर कसं जिंकतं, याचा नमुनाच शास्त्रज्ञांपुढे नाही.

प्रयत्न मात्र थांबले नाहीत. आपल्या पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत २००५ मध्ये देशातली पहिली चाचणी झाली. थायलंडमध्ये १६ हजारांवर लोकांवर चाचणी झाली. २००९ च्या निकालात लागण ३१ टक्क्यांनी कमी दिसली, पण तेवढं पुरेसं नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतली मोठी चाचणी २०२० मध्ये थांबवावी लागली. २०२२ मध्ये एक आशेची बातमी आली. नव्या पद्धतीची लस घेतलेल्या ३६ पैकी ३५ जणांच्या शरीरात हव्या त्या पेशी तयार होऊ लागल्या. अर्थात ही पहिलीच पायरी.

आता ते इंजेक्शन. त्याचं नाव लेनाकॅपावीर. २०२४ मध्ये आफ्रिकेतल्या चाचणीत ते घेणाऱ्या दोन हजारांवर महिलांपैकी एकीलाही लागण झाली नाही. पण ते औषध आहे, लस नाही. घेणं थांबवलं की संरक्षणही संपतं.

म्हणून लस आली असं समजून कुणीही चालू गोळ्या बंद करू नका. सरकारी एआरटी केंद्रात त्या मोफत मिळतात. रोज घेतल्या तर माणूस कामधंदा करत चांगलं आयुष्य जगतो. शंका असेल तर सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते, नाव गुप्त राहतं. माहितीसाठी १०९७ हा टोल फ्री नंबर आहे. लसीची वाट बघू, पण तपासणी लांबवू नका.