‘ऑरेंज’ वाइनमध्ये संत्रं कुठाय?

हिवाळ्यात रायपूरच्या बाजारात नागपुरी संत्र्यांचे ढीग लागतात. त्यामुळे ‘ऑरेंज वाइन’ हे नाव ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर संत्रं आलं असेल, तर तुमची चूक नाही. माझंही तेच झालं होतं! पण या वाइनमध्ये संत्र्याचा थेंबही नसतो. असतात ती हिरवी-पांढरी द्राक्षं.

मग रंग कुठून येतो? सालीतून. एरवी पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं दाबून रस लगेच वेगळा काढतात. इथे मात्र रस सालींसकट काही दिवस, कधी काही महिनेही आंबू देतात. चहाची पावडर पाण्यात जास्त वेळ राहिली की रंग चढतो आणि तुरटपणा येतो ना, अगदी तसंच. जॉर्जिया या देशात जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत हजारो वर्षांपासून अशी वाइन बनते. त्या पद्धतीची 2013 मध्ये युनेस्कोने सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद घेतली.

आता बुडबुडे. जिलबीचं पीठ रात्रभर ठेवलं की सकाळी फसफसतं, हे तुम्ही पाहिलं असेलच. द्राक्षाच्या रसातही यीस्ट साखर खातं आणि वायू सोडतं. हे काम अर्धवट असतानाच बाटली घट्ट बंद केली, की उरलेला वायू आतच कोंडतो. शॅम्पेनमध्ये साखर आणि यीस्ट घालून बाटलीत दुसऱ्यांदा आंबवतात. या जुन्या फ्रेंच पद्धतीत मात्र सगळं एकाच आंबवणीत होतं. गाळ सहसा तळाशीच राहतो, म्हणून वाइन गढूळ दिसते. अंदाज चुकला तर बाटली फुटतेसुद्धा!

यासाठी लागणारी फ्रेंच द्राक्षं आपल्यापासून फार लांब नाहीत. रायपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या हावडा मेलने नाशिक रोडला उतरा. फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातलं ‘शेनिन ब्लां’ तिथे राजीव सामंत यांनी 1997 मध्ये लावलं. फ्रान्समध्ये द्राक्षकाढणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते, नाशकात जानेवारी ते मार्च. ही द्राक्षं आपल्या खायच्या द्राक्षांपेक्षा लहान, बियांची आणि जाड सालीची. खायला तशी कटकटच, पण इथे सालीलाच तर भाव! बुडबुड्यांची वाइनही महाराष्ट्राला नवी नाही. जुन्नरजवळच्या नारायणगावची ‘ओमर खय्याम’ 1980 च्या दशकातच परदेशी गेली होती.

आता घरातल्या मोठ्यांसाठी थोडं. ‘नॅचरल’ या शब्दाला भुलू नका. त्याचा अर्थ एवढाच, की द्राक्षं सहसा रासायनिक फवारणीशिवाय वाढवलेली, यीस्ट सालीवरचंच आणि टिकवण्यासाठी सल्फाइट घातलेलं नाही किंवा अगदी कमी. अल्कोहोल असतंच! दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलंय. ‘नॅचरल आहे, काही होत नाही’ असं कुणी लग्नात आग्रहाने सांगितलं, तर हे आठवा.

आणि सल्फाइट नसल्यामुळे अशी वाइन उन्हाळ्यात लवकर बिघडते. आपल्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, बंद कारच्या डिकीत विसरलेली बाटली तर थेट धोकाच. आत दाब आधीच असतो, उष्णतेने तो आणखी वाढतो. कुणी भेट म्हणून दिली असेल, तर आधी तिला सावलीत आणि थंडाव्यात ठेवा, मुलांच्या हाताबाहेर.