बाणाची खाच

बाणाच्या मागील टोकास धनुष्याची दोरी (प्रत्यंचा) बसविण्यासाठी ठेवलेली चीर किंवा खोबण म्हणजे बाणाची खाच होय. संस्कृतात बाणाच्या या पुच्छभागास ‘पुंख’ अशी संज्ञा आहे. कालिदासाच्या रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात सिंहावर बाण सोडू पाहणाऱ्या दिलीप राजाची बोटे बाणाच्या पुंखासच खिळून राहिल्याचे वर्णन आहे. धनुष्यात साठलेली ऊर्जा बाणाला मिळते ती केवळ या खाचेच्या तळाशी होणाऱ्या दोरीच्या स्पर्शातून. त्यामुळे आकाराने बाणाचा सर्वांत लहान असलेला हा भाग धनुर्धराच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचा ठरतो. खाच फुटल्यास नेम चुकतो एवढेच नव्हे, तर धनुष्य मोडण्याचा आणि धनुर्धराला गंभीर इजा होण्याचा संभव असतो.

प्रकार व इतिहास : खाचेचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात : (१) बाणाच्या दांडीतच कोरलेली खाच, (२) दांडीतच कोरलेली परंतु शिंग, कठीण लाकूड किंवा दोऱ्याचे वेष्टन यांनी बळकट केलेली खाच आणि (३) स्वतंत्रपणे तयार करून दांडीच्या टोकास बसविलेली खाच. प्राचीन ईजिप्तमधील बाण बहुधा बोरूचे असत. बोरू पोकळ व ठिसूळ असल्याने त्याच्या टोकात लाकडाचा तुकडा बसवून त्यात खाच कोरीत. तुर्की बाणांत खाचेचा भाग वेगळ्या कठीण लाकडाचा करून तो सरसाने चिकटवीत आणि त्यावर प्राण्यांच्या स्नायूंचे तंतू गुंडाळीत. जपानी बाणांत बांबूच्या दांडीवर शिंगाची वा बांबूची खाच बसविण्याची पद्धत होती. अलीकडे प्लॅस्टिकचाही उपयोग केला जातो. खाचेच्या ‘हाझू’ या जपानी नावाला पुढे ‘अमुक गोष्ट तशीच असली पाहिजे’ असा अर्थ प्राप्त झाला. खाच व दोरी यांचा मेळ अचूक जमलाच पाहिजे, ही कल्पना त्यामागे आहे.

बळकट केलेल्या खाचेचा उत्तम पुरावा इंग्लंडमध्ये मिळाला आहे. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेचा सांगाडा १९८२ मध्ये वर काढण्यात आला. तीवर १३७ अखंड धनुष्ये व सु. ३,५०० बाण सापडले. ही धनुष्ये ओढण्यास सु. ४५ ते ८० किग्रॅ. भाराइतके बल लागत असावे, असा अंदाज आहे. अशा बलापुढे साधी कोरीव खाच टिकणे कठीण. म्हणून बाणाच्या टोकात खाचेशी काटकोन करणारी सु. ५ सेंमी. लांबीची दुसरी चीर पाडून तीत शिंगाची पातळ पट्टी बसविलेली होती. शिंग पाण्यात कुजून गेले असले, तरी त्या चिरा स्पष्ट दिसतात. त्याच वर्षी, म्हणजे १५४५ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या टॉक्सोफिलस या ग्रंथात रॉजर ॲस्कम याने खोल व उथळ खाचांच्या गुणदोषांची चर्चा केली असून अधिक सुरक्षिततेसाठी दुहेरी खाचेचाही उल्लेख केला आहे.

भारतात भिल्ल, संथाळ, मुंडा इ. आदिवासी जमातींत बांबूच्या तीरकमठ्याची परंपरा आहे. भिल्लांच्या कमठ्याची दोरीही पुष्कळदा बांबूच्या कामटीची असते. भारतीय तिरंदाजी संघाची स्थापना १९७३ मध्ये झाली. देशातील स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा स्वतंत्र प्रकार असून तीत बांबूच्या धनुष्याने ३० व ५० मी. अंतरांवरून नेमबाजी करतात. त्यामुळे लाकूड व बांबू यांच्या बाणांची सुरक्षितता हा आपल्याकडे केवळ ऐतिहासिक कुतूहलाचा विषय नाही.

खाचेवरील बले : समजा, एक धनुष्य पूर्ण ओढण्यास २० किग्रॅ. भाराइतके बल लागते आणि बाणाचे वस्तुमान ३० ग्रॅ. आहे. दोरी सुटताच हे सर्व बल बाणावर पडले असे मानल्यास बाणाचे त्वरण गुरुत्व त्वरणाच्या सु. ६६५ पट येते. धनुष्याचे बाहू व दोरी यांना गती देण्यात काही बल खर्ची पडत असल्याने प्रत्यक्ष मूल्य याहून कमी असते. तथापि भाराची तीव्रता यावरून ध्यानी येईल. ३ मिमी. जाडीची दोरी ८ मिमी. जाडीच्या दांडीवर टेकत असेल, तर हे बल सु. २४ चौ. मिमी. एवढ्या क्षेत्रावर एकवटते.

लाकडाच्या तंतूंच्या दिशेने येणारा असा दाब चांगले लाकूड सहज सोसते. खरा धोका वेगळाच असतो. खाच अरुंद असेल किंवा तिचा तळ निमुळता असेल, तर दोरी पाचरीप्रमाणे काम करते व खाचेच्या दोन्ही गालांना बाहेर रेटते. तंतूंना आडव्या दिशेत लाकडाचे ताणबल त्यांच्या लांबीच्या दिशेतील बलाच्या दशांशाहूनही कमी असते. त्यामुळे तळाशी सूक्ष्म चीर पडली, की ती तंतूंच्या मधून वेगाने पुढे धावते. शिवाय बोटांतून सुटताना दोरी किंचित बाजूला सरकते आणि बाणही काही क्षण वाकतो. त्यामुळे खाचेच्या गालांवर आडवे बलही येते.

खाच फुटण्याची कारणे : लाकडी बाणात सर्वांत मोठा दोष खाचेच्या दिशेचा असतो. दांडीच्या कापलेल्या टोकावर वाढीची वलये समांतर रेषांसारखी दिसतात. खाच या रेषांना काटकोनात छेदणारी असावी. ती रेषांना समांतर कोरली, तर दोरी दोन वलयांमधील कमकुवत थरातच शिरते आणि दांडी उभी चिरते. बांबूत अशी वलये नसतात व तो लांबीच्या दिशेने सहज फुटतो. परंतु त्याच्या पेरात तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने चीर तेथे अडते. म्हणून खाचेच्या तळाखाली लगेच पेर येईल अशा बेताने बांबू कापतात. तळाला तीक्ष्ण कोपरे असल्यास तेथे प्रतिबल एकवटते. यासाठी तळ अर्धगोल व गुळगुळीत असावा. कोरीव खाचेची खोली सामान्यतः ६ ते १० मिमी. ठेवतात आणि तिच्या तळाखाली रेशमी वा सुती दोऱ्याचे अथवा स्नायुतंतूंचे घट्ट वेष्टन देऊन त्यावर सरस किंवा रोगण चढवितात.

दोरी व खाच यांचा मेळ नसणे हे दुसरे कारण होय. खाच घट्ट असल्यास पाचरीचा परिणाम होतो. सैल असल्यास बाण दोरीवरून घसरतो आणि दोरी त्याला सोडून पुढे जाते. दोरीच्या मध्यभागी दिलेले वेष्टन नवे, जाड वा झिजलेले असेल, तर पूर्वी नीट बसणारा बाणही अयोग्य ठरतो. याखेरीज लक्ष्यात रुतलेल्या बाणाच्या मागील टोकावर दुसरा बाण आदळणे, लाकूड वाळताना चिरा पडणे, कीड लागणे व दीर्घकाळाची झीज ही कारणे आढळतात. प्लॅस्टिकची खाच लाकडी दांडीच्या ११° निमुळत्या टोकावर चिकटवितात. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि चिकटद्रव्य सुटल्यास खाच निखळते.

परिणाम : वरील उदाहरणातील दोरी सु. ५० सेंमी. ओढली, तर धनुष्यात अंदाजे ५० जूल ऊर्जा साठते, ५ किग्रॅ. वजन एक मीटर उंचीवरून पडताना मिळणाऱ्या ऊर्जेइतकी ती असते. एरवी तिचा मोठा भाग बाण आपल्याबरोबर घेऊन जातो. खाच फुटली, की ऊर्जा नेण्यास बाण उरत नाही आणि ती धनुष्याचे बाहू व दोरी यांतच राहते. बाणावाचून दोरी सोडण्यासारखीच ही स्थिती असल्याने दोरी तुटणे, बाहूला तडा जाणे किंवा धनुष्य दुभंगणे हे परिणाम संभवतात. काही वेळा दोरी चिरलेल्या दांडीत घुसून तिच्या ढलप्या उडवते. त्या धनुष्य धरलेल्या हातात, पुढील बाहूत वा डोळ्यात शिरू शकतात. अर्धवट रेटा मिळालेला बाणही भलत्याच दिशेने जातो. खोल रुतलेली ढलपी जागच्या जागी ओढून काढू नये. ती हलणार नाही अशा रीतीने बांधून जखमीस त्वरित शल्यचिकित्सकाकडे न्यावे.

तपासणी व दक्षता : प्रत्येक फेरीपूर्वी, तसेच बाण लक्ष्यातून काढल्यावर किंवा कठीण वस्तूवर आदळल्यावर त्याची तपासणी करणे आवश्यक असते. खाच उजेडाकडे धरून तिचा तळ व दोन्ही गाल पाहावेत. नख फिरविल्यास सूक्ष्म चीरही जाणवते. वेष्टन सैल झाले आहे काय, हे पाहावे. चिकटवलेली खाच हळूच पिळून पाहावी. नंतर दांडी चेहऱ्यापासून दूर धरून सर्व दिशांनी किंचित वाकवावी. करकर आवाज आल्यास बाण बाद समजावा. दोरीला लावलेला बाण खाली लोंबू द्यावा. तो स्वतःच्या भाराने टिकला आणि दोरीवर बोटाने हलकी टिचकी मारताच सुटला, तर मेळ योग्य आहे असे मानतात.

खाचेला तडा गेलेला लाकडी बाण नुसता सरस लावून पुन्हा वापरणे धोक्याचे आहे. लांबी पुरेशी असल्यास तडा गेलेला भाग पूर्ण कापून नवी खाच करता येते. मात्र आखूड झालेला बाण नेहमीइतका ओढल्यास त्याचे टोक धनुष्याच्या मागे हातावर येण्याची भीती असते. म्हणून त्याची लांबी पुन्हा मोजावी. निकामी ठरविलेला बाण इतरांत मिसळू नये म्हणून तो तेथेच मोडून टाकण्याचा प्रघात आहे. नवशिक्यांना शिकविताना ही तपासणी नेमबाजीइतकीच अंगवळणी पाडणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्य होय. कारण खाचेतील चीर नुसत्या नजरेने क्वचितच दिसते आणि दोरी सुटल्यानंतर ती दुरुस्त करण्यास अवधी मिळत नाही.