टोमॅटोची पाने पिवळी का पडतात?

रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. याच जिल्ह्यातल्या रोह्याच्या परसबागांत या पावसाने जमिनीतले नत्र वाहून जाते, साचलेल्या पाण्यात टोमॅटोची मुळे गुदमरतात आणि पाने पिवळी पडतात. म्हणून आधी पाण्याचा निचरा करावा.

खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडली, तर नत्र कमी आहे. चांगले कुजलेले शेणखत द्यावे. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला, तर जुन्या पानांत मॅग्नेशियम आणि कोवळ्या पानांत लोह कमी समजावे. तपकिरी डागात एकात एक वर्तुळे दिसली, तर तो करपा रोग. अशी पाने खुडून पाणी बुंध्याशीच घालावे. शेंडा आखडून पाने वर वळली, तर तो पांढरी माशी पसरवत असलेला बोकड्या रोग. त्यावर औषध नाही. रोप उपटून नष्ट करावे.